आधी एसी बंद कर

कुवेतमध्ये, ऑगस्ट महिन्यात, भर दुपारी स्वतःच्या हाताने एसी बंद करणारा एकच माणूस मला माहीत आहे, आणि त्याचा धंदाच एसीचा होता.

एसीकाका आमच्या महबूला भागातल्या घरी आले की पाणी प्यायच्या आधी त्यांची नजर रिमोट शोधायची. धुळीचं वादळ, कोण सुट्टीवर गेलं, कोणाचा इकामा म्हणजे राहण्याचा परवाना संपत आला, अशा वरवरच्या गप्पा असल्या तर एसी चालू राहायचा. पण मनातलं काही बोलायचं असलं की ते रिमोट उचलत आणि बटण दाबत. "आधी एसी बंद कर, मगे बोल. ह्या घरघरीत माणसाचो अर्धो आवाज गळान जाता." मग आम्ही दोघं घाम पुसत बोलायचो. त्यामुळे त्यांच्याशी मनातलं बोलणं फार लांबत नसे. मी एकदा तसं म्हणालोही. ते म्हणाले, "बरा आसा. मनातला थोडक्यातच सांगूचा असता. लांबवता तो भाषण करता."

काका कुडाळजवळच्या एका गावचे. आयटीआय करून तरुणपणी इथे आले, दुसऱ्यांच्या हाताखाली एसीच्या गाळण्या, म्हणजे फिल्टर, धूत धूत मेकॅनिक झाले आणि पुढे एका कुवेती भागीदाराबरोबर स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं. आमच्या ओळखीच्या वेळी त्यांच्या गाड्या शहरभर फिरत असत, पण काका स्वतः अजून शिडीवर चढत. हातात स्क्रू-ड्रायव्हर नसला तर त्यांना कपडे घालायचे राहून गेल्यासारखं वाटायचं, असं त्यांचंच म्हणणं. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा इथेच वाढला, आता कॅनडात. काकांचं खरं नाव काय ते शाळेतल्या मुलांना माहीतच नव्हतं. शाळेला एसी दिला तो एसीकाका, एवढी ओळख पुरे होती.

ही शाळा म्हणजे आमची दुपारची शाळा. शुक्रवारी सुट्टी असते. घरोघरी जेवणं उरकली की अबू हलीफातल्या एका इमारतीच्या तळघरात मराठीचे वर्ग भरत. शिकवणारे सगळे हौशी. एरवी कोणी तेल कंपनीत, कोणी इस्पितळात. शाळेच्या मोठ्या बाई आठवडाभर एका दवाखान्यात रक्त तपासायच्या आणि शुक्रवारी काना-मात्रा. मुलं पोटभर जेवून आलेली, बाहेर भट्टी आणि आत काकांचा गारवा. पहिल्या तासाला निम्मा वर्ग डुलत असे. काका दारातून बघत आणि अभिमानाने म्हणत, "बघितलंस, किती चांगलो कूलिंग आसा!"

माझ्या मुलीला, सईला, मी या शाळेत घातलं ते अपराधी वाटून. मला अपराधी वाटायला फार काही लागत नाही, पण हे कारण खरं होतं. माझी आई नाशिकला एकटी असते. व्हिडिओ कॉलवर ती सईला काहीतरी विचारायची, सई इंग्रजीत उत्तर द्यायची आणि मी मध्ये बसून दोघींना एकमेकींचं सांगायचो. एकदा आई हसत म्हणाली, "अरे, नातीशी बोलायला मला दुभाष्या लागतो. तू ऑफिसला गेलास की आम्ही दोघी मुक्या." ती हसत म्हणाली म्हणून जास्त लागलं. आईचं वय वाढत चाललं होतं, आणि सईला मराठी समजायचं सगळं, पण ती तोंड उघडायची नाही. आजीशी तिचं एकदा तरी धड बोलणं व्हावं, एवढंच मला हवं होतं. नुसत्या अपराधी वाटण्याने मूल बोलतं असं नाही, हे कळायला मला बराच वेळ लागला.

काकांनी माझा चेहरा पहिल्याच भेटीत वाचला होता. "इंजिनेर," ते मला म्हणाले, "तुझ्या तोंडावर कायम ट्रॅफिकचो दंड भरून आल्यासारखो भाव असता. गाडी दुसऱ्यान ठोकली तरी सॉरी तूच म्हणत असशील."

हे तंतोतंत खरं होतं. आदल्याच महिन्यात तसं झालं होतं.

शाळेची एक रीत होती. तळघराच्या एका भिंतीवर थोर पुरुषांच्या तसबिरी होत्या, आणि त्यांच्या शेजारी, त्याच मापाच्या चौकटीत, शाळेला ज्यांनी काही दिलं त्यांचे फोटो. खानावळ चालवणारं एक जोडपं होतं, त्यांनी खुर्च्या दिल्या. एक नर्स होती. ती दर सुट्टीत आपलं लोणचं मागे ठेवून सामानात पाठ्यपुस्तकं भरून आणायची. आणि एसीकाका. दर वर्षी एका शुक्रवारी 'ऋण दिवस' व्हायचा. मुलं या लोकांवर भाषणं करायची आणि मग सगळे बटाटेवडे खायचे.

ही कल्पना मुळात काकांची, आणि काकांना ती मिळाली एका ग्रीक माणसाकडून. हे त्यांनी मला एसी बंद करून सांगितलं. तरुणपणी ते ज्या कंपनीत होते तिथला फोरमन ग्रीक होता. त्याच्या ओळखीच्या चार ग्रीक घरांनी मिळून एका हॉलमध्ये मुलांसाठी दुपारची शाळा चालवली होती. तिथला एसी बिघडला की काकांना पाठवत. शिडीवर उभं राहिलं की समोर भिंतीवर फोटो दिसायचे, मिशावाले, कोटवाले.

"मी इचारलंय, हे तुमचे राजे काय? तो म्हणालो, नाय रे, हो धान्याचो व्यापारी, हो बोटीवरचो, त्या म्हातारीन परदेशात धुणी धुतली. गाव सोडून गेले, चार पैसे मिळवले आणि गावाक शाळा बांधून दिल्यानी. पोरां रोज त्यांची नावां घेतत." काकांनी घाम पुसला. "माका गंमत वाटली. आमच्याकडे गाव सोडून गेलेल्याचो फोटो लावतत तो फक्त मेल्यावर."

त्या वाक्यावर आम्ही दोघंही हसलो. पुढे काय वाढून ठेवलंय ते तेव्हा माहीत नव्हतं.

त्या वर्षी ऋण दिवसाला काकांवरचं भाषण सईच्या वाट्याला आलं. अशी भाषणं मुलं करत, पण लिहीत पालक. मीही लिहिलं, रोमन लिपीत, म्हणजे तिला वाचता यावं. 'दानशूर', 'कर्मयोगी', 'वटवृक्ष' असे शब्द घातले. वटवृक्ष म्हणजे काय असं तिने विचारलं तेव्हा मी 'मोठं झाड' म्हणालो. मग काका मोठं झाड कसे, असं तिने विचारलं, तेव्हा 'पाठ कर' म्हणालो.

ऋण दिवशी मोठ्या वर्गातल्या मुलांनी हॉल सजवला. मुलं हुशार आणि कामसू. भिंतीवरच्या थोर पुरुषांना हार घालतात हे त्यांनी दर वर्षी पाहिलेलं. शेजारचे फोटो मोकळे दिसले, तर त्यांनी बकाल्यातून, म्हणजे खालच्या वाणसामानाच्या दुकानातून, आणखी हार आणले आणि सगळ्यांना घातले. खुर्च्यांच्या जोडप्याला, पुस्तकांच्या नर्सला आणि एसीकाकांना. प्रत्येकासमोर एकेक उदबत्तीही लावली. पालक येऊ लागले आणि दारातच थबकू लागले. एक गृहस्थ चपला काढून, हात जोडून, हळू आवाजात मला म्हणाले, "कधी गेले? परवाच तर माझ्याकडे गॅस भरून गेले." मी गोंधळून नुसताच "सॉरी" म्हणालो. त्यामुळे त्यांची खात्रीच पटली.

मोठ्या बाई घाईने हार काढायला निघाल्या तेवढ्यात सूत्रसंचालकाने सईचं नाव पुकारलं. सईने भाषण सुरू केलं. जन्म झाला, बालपण कष्टात गेलं, वटवृक्ष आला आणि गेला. शेवटी ती थांबली. तिने याआधी दोन थोर पुरुषांवर भाषणं केली होती, आणि दोन्हींच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य होतं. तिने कागद उलटून पाहिला, काकांच्या फोटोवरच्या हाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि माइकमध्येच म्हणाली, "बाबा, यांच्या मृत्यूची डेट लिहायला विसरलास."

मागच्या दारातून आवाज आला, "अजून ठरूक नाय गो, बाय. ठरली की पयली तुकाच कळवतंय."

काका बाहेर यंत्राचा पंखा बघत होते, ते स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तसेच आत आले होते. पुढे गेले, स्वतःच्या फोटोवरचा हार काढला, वास घेतला आणि गळ्यात घातला. "ताजो आसा. फुकट कित्याक घालवूचो?" आणि पहिल्या रांगेत हारासकट बसले. खानावळवाल्या जोडप्याने आणि नर्सनेही मग उठून आपापले हार घालून घेतले. इतकं हसू त्या तळघराने कधी ऐकलं नसेल.

सई हसली नाही. ती व्यासपीठावरून उतरून थेट गाडीपाशी गेली आणि मागच्या सीटवर रडत बसली. "आय ॲम नेव्हर कमिंग बॅक," एवढंच ती म्हणत राहिली. चूक माझीच होती, आणि नसती तरी मी ती माझी मानली असती. माझ्या डोळ्यांसमोर आईचा चेहरा आला. शाळा सुटली, की सुटलंच सगळं.

काका हार सावरत आले. खिडकीवर टकटक केली. सईने काच खाली केली. त्यांनी पुढचं दार उघडून आधी गाडीचा एसी बंद केला.

"चूक तुझी नाय," ते म्हणाले. "बापाशीन तुका भाषण दिल्यान, माणूस दिल्यान नाय. पुढच्या शुक्रवारी ये आणि माकाच इचार. जिवंत आसंय तोपर्यंत इचारून घे."

सईने नाक पुसलं. "व्हॉट शुड आय आस्क?"

"जेवलात काय, ह्यापासून सुरू कर. माणसाक पयला ताच इचारतत."

पुढच्या शुक्रवारी ती गेली, रुसलेली, पण गेली. वर्ग सुटल्यावर काका हॉलमध्ये गाळण्या काढून धुवायला बसायचे तेव्हा एसी आपोआपच बंद असे. सई शेजारच्या खुर्चीत. मी मागे, वर्तमानपत्राआड. तिने खरंच विचारलं, "जेवलात काय?" आणि काकांनी काय जेवलो ते सांगायला जो अर्धा तास घेतला, त्यात सुरमई आली, सुरमईवरून गावची खाडी आली, खाडीवरून मगर आली आणि मगरीवरून त्यांचे एक चुलते आले, जे मगरीला "जरा सरक" म्हणत असत. सई प्रथमच खुर्चीच्या कडेला सरकून बसली.

काका याला गजाल म्हणायचे. गजालीचं वैशिष्ट्य असं की दर वेळी सांगताना ती थोडी मोठी व्हायची. सगळ्यांत आवडती गजाल कबुतराची. एका कुवेती म्हातारीच्या खिडकीतला एसी बंद पडला. काका दुरुस्तीला गेले तर एसीवर कबुतराने घरटं केलेलं. म्हातारी हात लावू देईना. अंडी आहेत, उबून होऊ देत, मग ये. "बुकरा," ती म्हणायची, उद्या. काका दुसऱ्या आठवड्यात गेले, पुन्हा "बुकरा". भर उन्हाळ्यात ती बाई हातपंखा घेऊन बसलेली, पण कबुतराला उठवायचं नाही. शेवटी काका दुरुस्तीला नव्हे, पिल्लं बघायलाच जाऊ लागले. ती चहा द्यायची आणि दोघं एसीकडे बघत बसायची. पिल्लं उडाली त्या दिवशी तिने एसी दुरुस्त करू दिला, आणि वर म्हणाली, आता घर फार शांत झालं.

पहिल्यांदा सांगितली तेव्हा पिल्लं तीन होती. पुढच्या वेळी चार झाली. सईने लगेच पकडलं. "काका, लास्ट टाइम तीन होती!"

"वाढली गो. पिल्लां ती, वाढतलीच."

"चीटिंग!"

"चीटिंग नाय म्हणूचा. मालवणीत म्हण, 'खोटारडो'."

ती म्हणाली. मग ती बरंच काही म्हणायला लागली, आणि माझी नवी चिंता सुरू झाली. मला मुलगी मराठी बोलायला हवी होती, पण ही मालवणी बोलू लागली. मी नाशिकचा, बायको पुण्याची, आणि जेवणाच्या ताटावर आमची मुलगी म्हणायची, "माका वरण नको. माशे कित्याक नाय केलास?" बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी सॉरी म्हणालो.

पण पुढच्या कॉलला सईने फोन माझ्या हातातून घेतला. "गो आजये, जेवलंस काय? काय केलंस जेवणाक?" आई पडद्यावर एवढी जवळ आली की फक्त चष्मा दिसत होता. "अगं बाई! ही कोकणातली कुठून आणलीस?" मग तिने गिलक्याची भाजी केल्याचं सांगितलं, सईने गिलकं म्हणजे काय विचारलं, आई उठून ते आणून दाखवू लागली, आणि मला कोणी काही विचारेना. मी उठून दुसऱ्या खोलीत गेलो. एवढं हलकं मला त्याआधी कधी वाटलं होतं ते आठवत नाही. अर्थात, आपण उठून आलो ते बरोबर केलं का, अशी शंका थोड्या वेळाने आलीच.

काकांना ही हकीकत सांगायला गेलो तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हसले, आणि रिमोट उचलला. मी घाम पुसायला रुमाल काढला.

"माझो झिल लहान होतो," ते म्हणाले. झिल म्हणजे मुलगा. "त्याका इंग्रजी येवक होया म्हणान आमी दोघांय त्याच्याशी मोडक्या इंग्रजीत बोललंव. मालवणी आमी आपसात. त्याका सगळा कळता रे. बोलणा नाय. आता फोनवर 'हाय डॅड, ऑल गुड?' मी म्हणतंय, 'ऑल गुड.' संपलो फोन. माझ्या घरातली भाषा माझ्याबरोबर जातली, असा वाटायचा. म्हणान ह्या शाळेक एसी." मग त्यांनी रिमोट पुन्हा दाबला. "चल, गरम होता."

पुढच्या वर्षी त्यांनी दुकान भागीदाराला दिलं. गुडघे शिडीला नको म्हणू लागले होते, आणि इथे काम संपलं की राहणं संपतं. हे आम्हा सगळ्यांना माहीत असतं, फक्त आपल्या बाबतीत ते 'बुकरा' असतं. निघण्याआधी त्यांनी शाळेतल्या सगळ्या यंत्रांच्या गाळण्या स्वतः धुतल्या. विमानतळावर सईने त्यांना विचारलं, "आता गजाली कोणाक सांगतलास?"

"फोन आसा ना. शुक्रवारी दुपारी. फक्त..."

"एसी बंद करून," सई म्हणाली.

त्यांनी शब्द पाळला. दर शुक्रवारी शाळा सुटल्यावर फोन यायचा. मगरीचे चुलते आता मगरीवर बसून बाजाराला जाऊ लागले होते. कबुतराची पिल्लं सहा झाली होती. मला त्यातलं निम्मं कळायचं नाही. एका शुक्रवारी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी गावाहून त्यांच्या पुतण्याचा आला. काका दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत.

शाळेत मोठ्या बाईंनी हार आणला. या वेळी हार बरोबर होता, आणि म्हणूनच कोणाला घालवेना. शेवटी बाईंनीच घातला. सई फोटोकडे बघत उभी राहिली, रडली नाही, फक्त म्हणाली, "डेट ठरली तर पयली माका कळवतलो होतो." त्यानंतर घरी ती मराठीत बोलेनाशी झाली. आजीलाही 'आय ॲम फाइन' एवढंच. आई मला म्हणाली, "राहू दे. ती गप्प आहे, विसरलेली नाही." पण मी पुन्हा दुभाष्या झालो होतो, आणि मला भीती वाटत होती.

काही आठवड्यांनी, शुक्रवारीच, शाळा सुटून घरी आलो तोच फोन वाजला. परदेशी नंबर. काकांचा मुलगा होता, कॅनडाहून. त्याच्याकडे सकाळ उजाडत होती. तो इंग्रजीत बोलत होता, सावकाश, एकेक शब्द ठेवल्यासारखा. बाबांचा मोबाइल आता त्याच्याकडे होता. दर शुक्रवारी याच नंबरवर लांबलचक बोलणं झालेलं दिसत होतं. आपल्याशी बाबा दोन मिनिटांपेक्षा जास्त कधी बोलले नाहीत. "ते तुमच्याशी काय बोलायचे, सांगाल का?"

मी म्हणालो, "माझ्याशी नाही. माझ्या मुलीशी." आणि फोन स्पीकरवर टाकून सईसमोर ठेवला.

सईने माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे. तिने इंग्रजीत सुरुवात केली. एक म्हातारी बाई होती, तिच्या एसीवर एक कबूतर होतं. थांबली. पुन्हा तेच वाक्य म्हणाली. "इट्स नॉट फनी इन इंग्लिश," ती वैतागून म्हणाली, आणि मग तिने एक श्वास घेतला आणि सरळ मालवणीत सुरू केलं. म्हातारी आली, हातपंखा आला, "बुकरा" आलं, चहा आला. काकांच्याच सुरात, काकांच्याच थांबण्यांसह. फोन कट झाला असं मला वाटलं, म्हणून मी पडदा बघितला. सेकंद चालूच होते.

"...आणि मगे अंडी फुटली," सई म्हणाली, "आणि त्यातसून सात पिल्लां भायर इली!"

"दोन."

आवाज इतका हळू होता की आम्ही दोघं पुढे वाकलो.

"दोनच होती पिल्लां," तो म्हणाला. शब्द गंजलेल्या स्क्रूसारखे अडकत अडकत सुटत होते. "माका म्हायत आसा. बाबा माका खांद्यार घेवन गेल्लो. मी होतंय थयसर."

सईचे डोळे मोठे झाले. "खरा? मगे त्या म्हातारेन तुका काय दिल्यान खावक?"

तो उत्तर शोधत होता. मी उठलो, भिंतीवरचा रिमोट घेतला आणि एसी बंद केला.